उजनीचा काटा

सोलापुरात जुलै लागला की ओळखीची दोन माणसं रस्त्यात भेटल्यावर पहिला प्रश्न तब्येतीचा नसतो. ‘उजनी किती टक्के?’ हा असतो. मग दौंडचा विसर्ग, पुण्याकडच्या धरणांवरचा पाऊस, ‘मायनस’मधून ‘प्लस’मध्ये यायला किती दिवस लागतील याचा तोंडी हिशेब. धरण उणे साठ टक्के म्हणजे काय, हे बाहेरगावच्या माणसाला समजावून सांगताना आम्हाला एक प्रकारचा अभिमानच वाटतो. धरणात एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा. पाणी त्याच्या खाली गेलं की मायनस. २०२४च्या उन्हाळ्यात ते उणे साठच्या आसपास जाऊन पोहोचलं होतं आणि पळसदेवचं बुडालेलं देऊळ बघायला लोक गाड्या करून गेले होते.

या सगळ्या आकड्यांत एक आकडा मी कधी कुणाच्या तोंडी ऐकला नाही. पाणी किती तापलंय? आपल्याला पाणी किती आहे याच्याशी मतलब. ऊस, पिण्याची पाइपलाइन, आवर्तन. माशाला मात्र ते किती गरम आहे याच्याशीही तेवढाच मतलब, कारण त्याच्या अंगाची ऊब त्याची स्वतःची नसते. पाण्याची असते. पाणी २४ अंश तर मासा २४ अंश, पाणी ३२ तर मासा ३२. आपण पंखा लावतो, माठातलं पाणी पितो. मासा फार तर खोल जातो, आणि मे महिन्यात उजनीच्या पसरट बॅकवॉटरमध्ये खोल म्हणावं असं फारसं काही उरत नाही.

मी मासेमारीतला नाही, जीवशास्त्राचा पदवीधरही नाही. पुण्याला जाता-येता भिगवणला थांबून मासे खाणाऱ्या हजारोंपैकी एक. पण करमाळ्याच्या बाजूला बॅकवॉटरवर एकदा एका मच्छीमार काकांशी बोलत बसलो होतो. त्यांच्या होडीत सगळी चिलापी होती, आणि त्यातली बरीचशी तळहाताएवढी. मोठा मासा कुठं गेला, असं मी विचारलं. ते जाळं झटकता झटकता म्हणाले, “हाताएवढी व्हायच्या आत अंड्यावर येतीय ती. मग मोठी कवा व्हायची?”

हे वाक्य घेऊन मी घरी आलो आणि वाचायला लागलो. वाचत गेलो तसं लक्षात आलं की शास्त्रज्ञांचे निदान दोन गट गेली कित्येक वर्षं याच वाक्यावर भांडतायत. पण तिकडे जाण्याआधी दोनशे वर्षं मागं जावं लागेल. मासा बारीक झाला असं म्हणायचं, तर आधी तो केवढा होता, कोणता होता, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं लागतं.

भीमेच्या माशांबद्दल ते लिहून ठेवणारा माणूस पेशवाई बुडवायला आलेल्या फौजेत होता. विल्यम हेन्री साइक्स. १८१७च्या खडकीच्या लढाईत तो इंग्रजांच्या बाजूने लढला. पेशवाई गेल्यावर मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२४ मध्ये त्याला नव्या मुलखाची मोजदाद करायच्या कामावर नेमलं. हुद्दा होता ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’. १८३१ पर्यंत हा गृहस्थ दख्खनभर फिरला आणि दिसेल ते मोजत सुटला. गावं, माणसं, मजुरी, धान्याचे भाव, पक्षी, जनावरं, मासे. पुढे लंडनला जाऊन तो रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत होता, आणि ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्षही झाला. वसाहतीचा कारभार चालवायचा तर आधी मोजावं लागतं, त्यामुळे या कुतूहलामागे कुणाचा फायदा होता हे वेगळं सांगायला नको. पण मोजलेलं मागे राहिलं, आणि आज ते आपल्याही उपयोगाचं आहे.

त्याचा दख्खनच्या माशांवरचा निबंध १८३९चा. भीमा, घोड, इंद्रायणी, मुळा-मुठा या नद्यांतल्या चाळीसहून अधिक माशांची वर्णनं त्यात आहेत. या सगळ्या नद्यांचं पाणी आज शेवटी उजनीत येतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे त्याने बऱ्याच माशांना लॅटिन नावं घडवत बसण्याऐवजी काठावरच्या लोकांचेच शब्द उचलले. त्यामुळे जगभरच्या शास्त्रीय याद्यांत आजही ‘टॉर खुद्री’ आहे, ‘रीटा गोग्रा’ आहे, डोक्यावर टेंगूळ असलेला ‘नुक्ता’ आहे. कोळस, बाळूकी, ताकरी, कुटर्णी, इचकीया हेही आहेत. रोमन लिपीतून परत आणताना उच्चार थोडे इकडेतिकडे होतात, पण शब्द आपलेच. टोकियोतल्या नाहीतर साओ पावलोतल्या संग्रहालयात कुणी बरणीवर ‘खुद्री’ असं लिहितो, तेव्हा तो दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या भोयाचा किंवा कोळ्याचा शब्द लिहीत असतो. सांगणारा कोण होता, ते मात्र नावात राहिलं नाही.

साइक्सची दुसरी ओळख फार कमी जणांना असते. तो हवामानाचाही माणूस होता. दख्खनची हवा, तापमान, वायुभार यांवरचा त्याचा लांबलचक निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ मध्ये छापला. म्हणजे एकाच माणसाने दख्खनचं ऊनही मोजलं आणि दख्खनचे मासेही मोजले. एका निबंधात ऊन, दुसऱ्यात मासे. त्या दोन वह्या शेजारी ठेवून कुणी काही विचारावं, असं त्या काळात कारणही नव्हतं.

नंतरच्या लोकांनीही यादीच पुढे नेली. १९४२ मध्ये फ्रेझर आणि सुंदरलाल होरा यांनी पुण्याच्या माशांवर लिहिलं. २००३ मध्ये पुण्याच्याच काही संशोधकांनी ‘करंट सायन्स’मध्ये जुन्या याद्या आणि नवी पाहणी शेजारी ठेवून दाखवलं की कितीतरी देशी जाती दिसेनाशा झाल्या आणि बाहेरून आणलेल्या जाती बस्तान बसवून आहेत. महत्त्वाचं काम. पण यादीचा स्वभाव असा, की ती ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगते. मासा नाहीसा झाला तर ते यादीत दिसतं. तो पिढीमागून पिढी रोडावत गेला, तर यादीत त्याचं नाव तसंच राहतं.

जून १९८० मध्ये उजनीचं धरण पूर्ण झालं. सह्याद्रीतून धावत येणारी भीमा टेंभुर्णीजवळ अडली आणि मागे दौंडच्या दिशेने पसरत गेली. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, त्यांच्या हिशेबात १९८० हे एका घरादाराचं शेवटचं वर्ष आहे. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, आणखीही लिहायला हवं. माशाच्या बाजूने बघितलं तर त्या वर्षी वाहतं पाणी उभं राहिलं. उथळ आणि पसरट पाणी, वर सोलापूरचं ऊन, त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी. उभं पाणी तापतं, शेवाळ धरतं, आणि रात्रभर ते शेवाळ श्वास घेत राहिल्याने पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. तसंही गरम पाण्यात प्राणवायू कमीच मावतो. २० अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. आणि त्याच वेळी गरम झालेल्या माशाला जास्त प्राणवायू लागतो. उत्पन्न कमी आणि खर्च जास्त, असं दोन्हीकडून.

हे फक्त आपल्याकडचं नाही. २०१५ मध्ये जगभरातल्या २३५ सरोवरांच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. १९८५ ते २००९ या काळात त्यांचं उन्हाळ्यातलं पृष्ठभागाचं पाणी दर दहा वर्षांना सरासरी ०.३४ अंशाने तापत होतं. आकडा छोटा वाटतो. पण ही सरासरी आहे, आणि ती माशाच्या आख्ख्या आयुष्यभर, मग त्याच्या पोरांच्या, मग नातवंडांच्या आयुष्यभर चालू राहते.

आता काकांच्या वाक्याकडे. थंड रक्ताचे प्राणी गरम जागी वाढवले तर लहानपणी भराभर वाढतात, लवकर वयात येतात, आणि पूर्ण वाढ झाल्यावर थंड जागी वाढलेल्या भावंडांपेक्षा लहान राहतात. डेव्हिड ॲटकिन्सन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये कितीतरी प्राण्यांवरचे प्रयोग गोळा करून हे मांडलं. ऐकायला विचित्र वाटतं. भराभर वाढणारा मोठा व्हायला हवा ना? पण आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. फेब्रुवारीतच ऊन तापलं की गहू लवकर पिकतो आणि दाणा बारीक राहतो. घाई झाली की भरायला वेळ मिळत नाही. मासा गहू नाही, आणि आतली यंत्रणा अगदी वेगळी आहे, पण मामला ओळखीचा वाटतो.

का होतं, यावर भांडण आहे. कॅनडात राहणारे मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांचं म्हणणं कल्ल्यांभोवती फिरतं. माशाचं शरीर वाढतं तसा त्याला जास्त प्राणवायू लागतो, पण कल्ल्यांचा पृष्ठभाग त्या प्रमाणात वाढत नाही. एका आकारानंतर श्वास पुरत नाही आणि वाढ थांबते. पाणी गरम असेल तर ती वेळ लवकर येते. मांडणी सोपी आणि आकर्षक आहे, पण शरीरक्रियाशास्त्राचे बरेच अभ्यासक तिच्यावर तुटून पडले आहेत. त्यांचं म्हणणं, मासा गरजेप्रमाणे कल्ले वाढवू शकतो, त्याला कुणी अडवलेलं नाही. दुसरा गट म्हणतो, श्वासाकडे नका बघू, खर्चाकडे बघा. खाल्लेल्या अन्नातून मासा एकतर अंग वाढवतो किंवा अंडी भरतो. एकदा अंड्यांवर खर्च सुरू झाला की अंगासाठी उरत नाही.

या दुसऱ्या बाजूचा एक प्रयोग मला फार आवडला. झेब्राफिश म्हणजे अंगावर निळे पट्टे असलेला, काचेच्या टाकीत दिसणारा चिमुकला मासा. मूळचा आपल्याच उपखंडातला. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तो २६ आणि ३० अंशांच्या पाण्यात ठेवला आणि एक-दोन नव्हे, सहा पिढ्या वाढवला. निष्कर्ष २०२२ मध्ये आले. गरम पाण्यातले मासे अपेक्षेप्रमाणे लहानपणी जलद वाढले, लवकर वयात आले, लहान राहिले. पण त्यांच्या शरीराचा मूळ खर्च, म्हणजे नुसतं जिवंत राहायला लागणारी ऊर्जा, काही पिढ्यांत थंड पाण्यातल्या माशांच्या बरोबरीला आली. उष्णतेची सवय झाली. आकार मात्र लहानच राहिला. गरम पाण्यातल्या माद्या अंड्यांवर जास्त खर्च करत होत्या, आणि सगळ्यात लहान आकारात वयात आलेल्या माद्या तर विशेषच.

म्हणजे जवळजवळ काकांचंच वाक्य, चार अंश आणि सहा पिढ्या वापरून सिद्ध केलेलं. एका पिढीवर थांबले असते तर ‘उष्णतेने शरीराचा खर्च वाढला म्हणून मासा लहान राहिला’ असं सोपं उत्तर मिळालं असतं, आणि ते चुकलं असतं.

इथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण स्वीडनमध्ये एक जागा आहे, ती सोपेपणा टिकू देत नाही. फोर्समार्कच्या अणुवीज केंद्राचं गरम झालेलं पाणी समुद्रातल्या एका बांध घातलेल्या तुकड्यात सोडतात. शेजारचं खुलं पाणी थंड, आतलं पाणी त्याहून पाच ते दहा अंश गरम. हे सुरू झालं १९८० मध्ये; उजनी पूर्ण झाली त्याच वर्षी. म्हणजे एकाच वर्षी जगाच्या दोन टोकांना माणसाने माशाचं पाणी बदललं. तिथे संशोधक दरवर्षी पर्च नावाचा मासा पकडून त्याची लांबी आणि वय लिहीत राहिले. चोवीस वर्षांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. गरम पाण्यातले पर्च जलद वाढत होते, लवकर मरत होते, आणि तरी सरासरीने लहान झाले नव्हते. उलट वयाने तरुण आणि अंगाने थोडे मोठे होते. वाढीच्या वेगाने मरणाच्या वेगावर मात केली होती.

मग नियम खोटा का? माझा अंदाज असा, आणि तो माझाच आहे: बाल्टिकच्या गारठलेल्या पाण्याला तापायला जागा होती. तिथला मासा आपल्या सोयीच्या तापमानाच्या बराच खाली जगत होता, त्याला ऊब मानवली. सोलापूरच्या पाण्यात ती जागा किती उरली आहे? फोर्समार्कची गोष्ट मला दिलासा म्हणून सांगायची नाही. तिथे उत्तर मिळालं, कारण तिथे कुणीतरी चोवीस वर्षं पट्टी घेऊन बसलं होतं, एवढ्यासाठी सांगायची आहे.

लहान मासा जास्त संख्येने असेल तर बिघडलं काय, असंही कुणी विचारेल. किलो ते किलोच. पण अंड्यांचा हिशेब किलोला धरून चालत नाही. २०१८ मध्ये ३४२ जातींच्या माशांची आकडेमोड ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. दोन किलोची एक मादी एक-एक किलोच्या दोन माद्यांपेक्षा जास्त अंडी देते, आणि बहुतेक जातींत हा फरक चांगलाच असतो. मोठ्या मादीची अंडीही बहुधा दमदार. म्हणजे मोठ्या माद्या कमी झाल्या की पुढच्या पिढीचं बियाणंच हलकं होतं. होडीतलं वजन तेच दिसतं, पाण्यातलं भांडवल आटत जातं.

आणि मग या सगळ्यात चिलापी येते.

चिलापी मूळची आफ्रिकेची. ‘टिलापिया’ हे नाव अँड्र्यू स्मिथने १८४० मध्ये दिलं, साइक्सच्या निबंधानंतर एका वर्षाने, आणि तेही दक्षिण आफ्रिकेतल्या त्स्वाना भाषेतल्या ‘मासा’ या अर्थाच्या शब्दावरून. तो शब्द ‘त्लापी’च्या जवळ जातो. आमच्याकडच्या मच्छीमारांनी लॅटिन बाजूला सारून ‘चिलापी’ केलं आणि नकळत शब्द पुन्हा मूळ उच्चाराशेजारी नेऊन ठेवला. मोझांबिक चिलापी भारतात आणली गेली १९५२ मध्ये. स्वस्त प्रथिनं, तळ्यात आपोआप वाढणारा मासा, अशी तेव्हाची आशा होती. काही वर्षांतच तक्रार सुरू झाली की तळी बारक्या चिलापीने भरून जातात आणि मोठा मासा हाताला लागत नाही. नंतर नाईल चिलापीही आली.

हा मासा बघितला की वाटतं, तापलेल्या उभ्या पाण्यासाठीच घडवलाय. तळ्यात तो दोन-तीन महिन्यांत वयात येतो. मादी अंडी तोंडात धरून उबवते, पिल्लंही धोका दिसला की तोंडात घेते. त्यामुळे तिला ना पूर लागतो ना गोट्यांचा तळ. पाणी ऊबदार असेल तर वर्षातून अनेक विणी. प्राणवायू कमी असला तरी तग धरते. नाईल चिलापीत तर पिल्लं फारच गरम पाण्यात, ३६ अंशांच्या आसपास, वाढली तर जन्माने मादी असलेल्यांतली काही नर होऊन बसतात. सगळ्या माशांना ऊन जो सौदा करायला लावतं, म्हणजे लवकर वयात ये, लहान राहा, अंड्यांवर खर्च कर, तो चिलापी आधीपासूनच करत आलीय. उजनीच्या जाळ्यांत तिचा जोर का आहे, याचं थोडं उत्तर मला इथे मिळालं. सगळं नाही.

कागदावर साधा हिशेब करून बघा. १९८० पासून पंचेचाळीस वर्षं झाली. वयात यायला तीन-चार वर्षं घेणाऱ्या माशाच्या त्यात डझनभर पिढ्या. वर्षाला दोन पिढ्या काढणाऱ्या चिलापीच्या नव्वद. बदललेल्या पाण्याशी जमवून घ्यायला एकाला बारा संधी, दुसरीला नव्वद. निवड पिढ्यांवर काम करते, वर्षांवर नाही.

आणि निवड फक्त ऊन करत नाही, जाळंही करतं. ‘सगळं क्लायमेट चेंजमुळे’ म्हणून हात झटकणं मला पटत नाही, ते इथेच. २००२ मध्ये अमेरिकेत डेव्हिड कॉनोव्हर आणि स्टीफन मंच यांनी टाक्यांत मासे वाढवून प्रत्येक पिढीत ९० टक्के मासे काढून टाकले. काही टाक्यांतून सगळ्यात मोठे काढले, काहींतून सगळ्यात लहान. चारच पिढ्यांत, जिथून मोठे काढले तिथले मासे वंशानेच लहान आणि मंद वाढणारे झाले. उन्हाने लहान राहिलेला मासा आणि पिढ्यान्पिढ्या जाळ्याने निवडलेला लहान मासा बाजारात शेजारी ठेवले तर वेगळे ओळखता येणार नाहीत. फरक आत आहे. पहिल्याचं लहानपण, निदान सुरुवातीला, पाणी बदललं तर पुसता येतं. दुसऱ्याचं रक्तात उतरलेलं असतं. उजनीत तर आणखी तिसरी गोष्ट चालते: बारीक जाळ्यांनी बोटुकलीच गोळा होते, म्हणजे वाढायला कुणी शिल्लकच राहत नाही. त्यावरून मच्छीमारांतच वाद होतात, आणि होडीत बसलेल्या माणसाला दोष देणं फार सोपं आहे. मोठा मासाच नाही, तर जाळ्याचा आस मोठा कशाला ठेवील कुणी?

रोहू-कटल्याची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि थोडक्यात सांगतो. हे मासे पावसाळी पुरात अंडी घालतात, उभ्या पाण्यात सहसा नाही. १९५७ मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियुष ग्रंथीच्या अर्काची सुई देऊन त्यांच्याकडून बंदिस्त पाण्यात अंडी घालून घेतली, आणि तेव्हापासून आपली धरणं हॅचरीच्या मत्स्यबीजावर चालतात. या हॅचऱ्यांच्या नोंदींत एक फार बोलकी गोष्ट सापडली. पश्चिम बंगालमध्ये १९८०च्या सुमारापर्यंत प्रजननाचा हंगाम ११० ते १२० दिवसांचा असायचा. २००० नंतर तो १६० ते १७० दिवसांवर गेला, आणि मासे मार्चमध्येच तयार व्हायला लागले. हॅचरीवाल्याला ही चांगलीच बातमी. पण नदीत मार्चमध्ये अंड्यावर आलेल्या माशाने काय करायचं? पूर अजून तीन महिने लांब असतो.

त्या काकांना मी नंतर एकदा फोनवरून साइक्सची नावं वाचून दाखवली. काही त्यांना ठाऊक होती, काही त्यांनी दुरुस्त केली. दोन-तीन नावांवर ‘हे आज्जा म्हनायचा’ असं उत्तर आलं. नुक्ता त्यांनी बघितलेला नव्हता. त्यांच्या पोराने, जो आता त्याच होडीवर जातो, यातलं एकही नाव ऐकलं नव्हतं. त्याच्या लेखी उजनी म्हणजे चिलापी, आणि दीड किलोची चिलापी म्हणजे स्टेटसला टाकण्याजोगी. यालाही शास्त्रात नाव आहे. कल्ल्यांवरून भांडणाऱ्या त्याच डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये दिलेलं: सरकती आधाररेषा. प्रत्येक पिढी आपण लहानपणी पाहिलेला मासा हाच मूळचा मासा धरते आणि तिथून पुढची घट मोजते. आधीची घट हिशेबातच येत नाही.

लिलावात माशाचं वजन होतं, वर्षाअखेरीस टनांचा आकडा निघतो. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या खात्यांच्या तक्त्यात तापमानाचा रकाना असतो. दोन वेगळी दप्तरं, दोन वेगळी कपाटं. काट्यावर एक किलो म्हणजे एक मोठा मासा की सहा बारके, हे कुठल्याच रकान्यात बसत नाही, आणि अंड्यावर आलेली सगळ्यात लहान मादी किती लांब होती, हे तर नाहीच नाही.

खुद्रीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. हा भीमेच्या खोऱ्यातला महसीर. त्याला पळतं, गार, स्वच्छ पाणी लागतं आणि अंडी घालायला दगडगोट्यांचा तळ. १९७०च्या सुमाराला लोणावळ्याला, टाटांच्या वीजकंपनीच्या तलावांवर, डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याची कृत्रिम वीण यशस्वी केली. अतिशय चिकाटीचं काम होतं ते, आणि तिथून पुढे लाखांनी बोटुकली तयार झाली. ती वेगवेगळ्या राज्यांतल्या पाण्यात सोडण्यात आली. कावेरीतही गेली. तिथे खुद्री इतका रुजला की कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर, ज्याच्या मोठ्या आकाराच्या कथा शिकारी इंग्रजांनी जगभर नेल्या होत्या, मागे पडत गेला. त्या कुबड्या महसीरचं शास्त्रीय नाव नक्की काय, हे ठरायला २०१८ उजाडलं, आणि नाव ठरलं तेव्हा तो नामशेष व्हायच्या काठावर उभा होता.

साइक्सने ज्या नद्यांतले मासे लिहून ठेवले, त्यांतल्या इंद्रायणीत देहू-आळंदीला देवाचे मासे म्हणून खुद्रीला पिढ्यान्पिढ्या कुणी हात लावत नसे. खाली पंढरपुरात पांडुरंगाच्या कानात मकरकुंडलं आहेत. वारकरी त्यांना मासेच म्हणतात. या दोन्हींच्या मध्ये उजनी आहे.